कमाल दर नको, सर्वसाधारण दर सांगा

२०२४ च्या १६ जूनला इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटीचा निकाल लागला, रविवार होता म्हणून मी घरीच होते, आणि लेकीला ९४ च्या थोडं वर पर्सेंटाइल पडलं. पहिली दहा मिनिटं आम्हाला दोघांना कळेचना की आनंद करायचा की काय करायचं, कारण आमच्या वेळी टक्के असायचे आणि ९४ टक्के म्हणजे थेट पेढेच. ती मात्र मोबाईल हातात धरून गप्प बसलेली. मग तिनेच सांगितलं की आई, शंभरातले ९४ माझ्या मागे आहेत आणि सहा पुढे, पण परीक्षेला तीन लाखांच्या घरात पोरं बसतात, म्हणजे ते सहा अठरा हजार होतात. सीओईपी किंवा पीआयसीटी या पुण्यातल्या नावाजलेल्या कॉलेजांत कॉम्प्युटरला ओपनचा कटऑफ, म्हणजे शेवटचा प्रवेश ज्या पर्सेंटाइलला मिळतो तो, ९९ च्याही वर जातो, तिकडे आपण बघायचंच नाही. हे सांगताना तिचा आवाज जरा हलला, तो मला अजून आठवतो.

थोडं आमच्याबद्दल सांगते. मी पुण्याच्या मार्केट यार्डात भुसार बाजारात एका गाळ्यावर हिशोब लिहिते, चौदा वर्षं झाली. ह्यांचं वायरिंगचं काम, घर बिबवेवाडीत. दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या बरंच खाली, आणि आम्ही ओबीसीत येतो. हे आधीच सांगते कारण पुढचा सगळा हिशोब या दोन गोष्टींवर फिरतो. लेकीला कॉम्प्युटरच हवं होतं, ते काही कुणाचं बघून नाही. आठवीत असताना तिने माझ्या पट्ट्यांची, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाच्या कागदांची, बेरीज एक्सेलमध्ये अशी बसवून दिली होती की हमाली, तोलाई आपोआप वजा होऊन खाली शेतकऱ्याला द्यायची रक्कम यायची. ती शीट मी आजही वापरते.

निकाल लागला आणि दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. नंबर कुठून मिळतात कोण जाणे पण रोज पाच-सहा फोन यायचे, मॅडम तुमच्या मुलीसाठी काउन्सेलिंग सेशन आहे, मॅडम स्कॉलरशिप आहे फक्त या आठवड्यापुरती. शेवटी एका रविवारी आम्ही तिघं शहराबाहेरच्या एका खाजगी विद्यापीठात जाऊन आलो. इमारत बघून माणूस दबून जातो, सगळीकडे काचा, एसी, आत गेल्या गेल्या भिंतभर एका मुलाचा फोटो आणि खाली चाळीस लाखांच्या वरचं पॅकेज. फी वर्षाला साडेतीन लाख. समोर बसलेल्या पोरीने गोड बोलून सांगितलं की उद्या संध्याकाळपर्यंत पन्नास हजार भरले तर सीट ब्लॉक होईल, सीएपी राऊंडची, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीची, वाट बघत बसलात तर हीही जाईल आणि तीही. बाहेर आलो तेव्हा हे म्हणाले, गावाकडची जागा काढू, पोरीचं आयुष्य आहे. ते मनापासून म्हणाले होते आणि मला त्यांना लगेच नाही म्हणवलं नाही. रात्रभर झोप नाही आली.

सोमवारी गाळ्यावर गेले. रोजच्यासारखा बाजारभावाचा तक्ता समोर आला. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, बाजार समितीच्या तक्त्यात प्रत्येक मालापुढे आधी आवक लिहिलेली असते, म्हणजे किती माल आला, आणि मग तीन दर असतात, किमान, कमाल आणि सर्वसाधारण. कमाल दर म्हणजे एखाद्या शेतकऱ्याचा एक नंबर माल येतो, त्याचा तेवढ्या लॉटचा भाव. तो भाव ऐकून गावाकडून माणूस गाडी भरून येतो आणि त्याच्या मालाला सर्वसाधारण दर मिळतो, त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडं गेलं की पट्टीवर काय उरतं ते मी रोज माझ्या हाताने लिहिते. तो तक्ता बघताना माझ्या डोक्यात एकदम आलं की अरे, काल भिंतीवर बघितला तो कमाल दर होता. आवक कुठे होती? सर्वसाधारण दर कुठे होता? कुणी सांगितलाच नाही आणि आपणही विचारला नाही.

मी ह्यांना फोन केला की पन्नास हजार भरायचे नाहीत, मला पंधरा दिवस द्या.

संध्याकाळी एक दोनशे पानी वही आणली आणि लेकीला घेऊन बसले. डावीकडे कॉलेजांची नावं, पुण्यातली आणि पिंपरी-चिंचवडची मिळून सव्वीस. पुढे रकाने आखले, आवक, वेळेत पास, नोकरी लागलेले, पुढे शिकायला गेलेले, सर्वसाधारण पगार, चार वर्षांची फी, सवलत, प्रवास, आणि शेवटचा रकाना निव्वळ. आता हे आकडे आणायचे कुठून? कॉलेजच्या वेबसाइटवर तर सगळीकडे शंभर टक्के प्लेसमेंट. तेव्हा लेकीच्या क्लासच्या सरांनी सांगितलं की एनआयआरएफचं, म्हणजे केंद्र सरकारचं कॉलेजांचं, रँकिंग बघू नका, एनआयआरएफला कॉलेजने भरून दिलेली माहिती बघा, ती पीडीएफ कॉलेजच्या साइटवर टाकावी लागते, कुठेतरी खाली कोपऱ्यात असते.

ही पीडीएफ म्हणजे माझ्यासाठी खजिनाच निघाला, म्हणून जरा सविस्तर सांगते. त्यात चार वर्षांच्या डिग्रीचा एक तक्ता असतो. एका ओळीत लिहिलेलं असतं की अमुक वर्षी पहिल्या वर्षाला मंजूर जागा किती, प्रत्यक्ष प्रवेश किती, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेले किती, मग त्यातले ठरलेल्या मुदतीत पास होऊन बाहेर पडलेले किती, त्यातल्या किती जणांना नोकरी लागली, त्यांचा मिडियन पगार किती, आणि पुढच्या शिक्षणाला किती गेले. पगार आकड्यात आणि अक्षरात दोन्ही लिहिलेला असतो, चेकवर लिहितो तसा. म्हणजे माझ्या भाषेत आवक, घट, विक्री आणि दर, सगळं एका ओळीत. मी पहिल्यांदा ती ओळ वाचली तेव्हा खरंच बरं वाटलं, की चला, कुणीतरी पट्टी लिहून ठेवलीय.

मिडियन म्हणजे काय ते लेकीने समजावलं. नोकरी लागलेल्या सगळ्या पोरांना पगाराप्रमाणे रांगेत उभं करायचं आणि बरोबर मधल्या पोराचा पगार विचारायचा. चाळीस लाखवाला एक जण रांगेच्या टोकाला उभा असला तरी मधल्याच्या पगाराला धक्का लागत नाही, सरासरीला मात्र लागतो, म्हणून जिथे ॲव्हरेज पॅकेज लिहिलंय तिथेही सावध राहायचं. पण वही भरता भरता एक गोष्ट आमच्या दोघींच्या लक्षात आली जी कुणीच सांगितली नव्हती. हा मधला पगार फक्त नोकरी लागलेल्यांचा असतो. ज्यांना लागली नाही ते रांगेत उभेच नाहीत. एका कॉलेजचा मिडियन छान होता पण शंभर पोरं आत गेली त्यातली वेळेत बाहेर पडलेली आणि नोकरी लागलेली मोजली तर निम्मीसुद्धा भरेनात. दुसऱ्या एका कॉलेजचा मिडियन त्याच्यापेक्षा कमी, पण शंभरातली बरीच जास्त पोरं मार्गाला लागलेली. आता तुम्हीच सांगा, आपलं पोर कुठे घालायचं? मी दुसऱ्या कॉलेजपुढे पेन्सिलने खूण केली.

अर्थात या पीडीएफलाही मर्यादा आहेत. आकडे दोनेक वर्षं जुने असतात, आणि मुख्य म्हणजे तो सगळ्या ब्रँचचा मिळून एकच तक्ता असतो, सिव्हिल, मेकॅनिकल, कॉम्प्युटर सगळं एकात. त्यामुळे नुसत्या कॉम्प्युटरचं कळत नाही. त्यासाठी आम्ही काही कॉलेजांच्या नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेकडे दिलेल्या, कागदांत शिरलो, तिथे कधीकधी नोकरी लागलेल्या मुलांची यादीच जोडलेली असते, कुठली ब्रँच, कुठली कंपनी, किती पगार. लेक एकेक यादी मोजत बसायची, मी ताळा करायचे. जिथे यादी सापडली नाही तिथे रकाना मोकळा सोडला आणि प्रत्यक्ष जायचं ठरवलं.

प्रत्यक्ष म्हणजे ऑफिसात नाही. ऑफिसात गेलं की परत तेच ब्रोशर हातात देतात. जुलैत कॉलेजं सुरू होती, मी गाळ्यावरून लवकर सुटून दोन कॉलेजांच्या गेटबाहेर चहाच्या टपरीवर जाऊन थांबले, लेक सोबत. पहिल्यांदा फार अवघडल्यासारखं झालं. पण पोरं इतकी चांगली बोलली! एका टपरीवर शेवटच्या वर्षाचा एक मुलगा भेटला, कॉम्प्युटरचाच. मी वही उघडून त्याला विचारलं की तुमच्या कॉलेजच्या बोर्डवर लिहिलंय इतक्या शेकड्यांनी प्लेसमेंट झाल्या, खरं आहे का? तो म्हणाला, "काकू, ते खरंय, पण त्या ऑफर आहेत. ऑफर म्हणजे पोरगं नाही. माझ्या रूममेटला तीन ऑफर आल्या, त्या बोर्डवर तीन म्हणून मोजल्या." मग स्वतःचं सांगितलं. त्याला एका कंपनीची ऑफर होती, लेटरही होतं, पण जॉइनिंगचा मेल आलेला नव्हता, आणि वरच्या बॅचचे काही जण तसेच कितीतरी महिने थांबलेले. आयटीतली भरती त्या दोन वर्षांत थंडावली होती हे आपण पेपरात वाचतो, पण हातात लेटर असलेलं पोर समोर उभं राहून सांगतं तेव्हा वेगळंच वाटतं. त्याने चहाचे पैसेही मला देऊ दिले नाहीत. वहीत मी त्या दिवशी नोकरीच्या रकान्याचे दोन भाग केले, ऑफर आणि माणसं.

त्यानेच पॅकेजचंही फोडून सांगितलं. बारा लाख म्हणतात त्यात एकदाच मिळणारा जॉइनिंग बोनस, कामगिरीवर मिळेल न मिळेल तो भाग, ग्रॅच्युइटी, शेअर सगळं धरलेलं असतं, महिन्याला हातात येतो तो आकडा वेगळाच. मोठमोठ्या आयटी कंपन्या फ्रेशर म्हणून शेकड्याने घेतात त्यांचा पगार तर वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास कित्येक वर्षं तसाच आहे. मी ते ऐकून गाळ्यावरच्या पट्टीसारखंच लिहून घेतलं, वर ढोबळ रक्कम, खाली वजावटी.

आणि मग कर्जाचा हिशोब केला, तो एकदा सगळ्यांनी करून बघावा असं मला फार वाटतं. समजा खाजगी विद्यापीठाच्या चौदा लाखांतले चार आपण कसेबसे उभे केले आणि दहा लाख एज्युकेशन लोन घेतलं, दर वर्षी अडीच लाख याप्रमाणे, व्याज दहा टक्के धरू. शिकत असताना आणि नंतर एक वर्ष हप्ता नसतो हे सगळे सांगतात, पण व्याज चालू असतं हे हळू आवाजात सांगतात. सरळव्याजाने धरलं तरी तेवढ्या काळात साडेतीन लाख व्याज चढतं, म्हणजे हप्ता सुरू होतो तो साडेतेरा लाखांवर. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याला साधारण १७,८०० रुपये, आणि एकूण परतफेड २१ लाखांच्या वर. साडेतीन लाखांच्या नोकरीत हातात महिन्याला पंचवीस हजारही धड येत नाहीत. त्यातून १७,८०० गेल्यावर हिंजवडीला पोरगी राहणार कुठे आणि खाणार काय? ह्यांना मी तो कागद दाखवला. त्यांनी दोनदा वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. गावच्या जागेचा विषय परत निघाला नाही.

मी असं म्हणत नाही की खाजगी विद्यापीठं वाईट, ज्यांना झेपतं त्यांच्यासाठी लॅब, सोयी सगळं छान आहे. पण आमच्या तक्त्यात निव्वळच्या रकान्यात ते बसत नव्हतं.

त्यातच ८ जुलैला शासनाचा जीआर आला. ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षण) आणि ओबीसीतल्या ज्या मुलींच्या घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे त्यांना व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ, आधी ती पन्नास टक्के होती. बातमी टीव्हीवर लागली तेव्हा मी भाकरी थापत होते, तशीच हात न धुता बाहेर आले. पण बातमीत सगळं येत नाही म्हणून आम्ही जीआर डाउनलोड करून ओळ न ओळ वाचला. प्रवेश सीएपीतूनच हवा, मॅनेजमेंट कोट्याला नाही. आणि खाजगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यात नाहीत. म्हणजे त्या रविवारी पन्नास हजार भरून बसलो असतो तर ही सवलत आम्हाला लागूच झाली नसती, हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. अजून एक, माफी शिक्षण फीची असते, डेव्हलपमेंट फी आणि इतर किरकोळ फी भरावीच लागते. आम्ही लगेच वहीतला सवलतीचा रकाना नव्याने भरला, आणि जे कॉलेज वर्षाला एक लाख चाळीस हजारांचं दिसत होतं ते आमच्यासाठी वीस-बावीस हजारांवर आलं.

याचमुळे टीएफडब्ल्यूएसचाही, म्हणजे ट्यूशन फी माफीच्या योजनेचाही, वेगळा विचार झाला. त्यात प्रत्येक ब्रँचला पाच टक्के जादा जागा असतात, फी माफीच्या, पण गुणवत्तेवर मिळतात आणि कटऑफ फार वर जातो. आमच्या शेजारच्या मुलाला त्याच रस्त्याने जावं लागलं कारण मुलांना ही शंभर टक्के माफी नाही. लेकीला मात्र त्या जागेची गरजच उरली नाही.

कागदांचं थोडक्यात सांगते. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेयर, जात वैधता. वैधतेचं प्रकरण बारावीत असतानाच केलं होतं ते देवाची कृपा, कारण जुलैत लोक रडकुंडीला आलेले मी सेतू केंद्रात बघितले. नॉन क्रिमीलेयरवरची तारीख नीट बघा, ते दरवेळी ३१ मार्चपर्यंतच चालतं.

मग ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांची पसंतीक्रमाने यादी भरायची. मागच्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ शेकडो पानांची, आणि त्यातले कोड बघून आधी घाबरायला होतं, जीओपीईएनएच, एलओबीसीएच असले. पण एकदा समजलं की सोपं आहे. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण किंवा एल म्हणजे मुलींची जागा, मग प्रवर्ग, शेवटी एच म्हणजे आपल्याच विद्यापीठाच्या हद्दीतले. आमच्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, म्हणजे पुणे, नगर, नाशिक. लेक एलओबीसीएचच्या ओळी शोधायची आणि कंसातलं पर्सेंटाइल वहीत उतरवायची. इथे नातेवाइकांनी फार घोळ घातला. माझे थोरले दीर, त्यांचा मुलगा इंजिनिअर आहे, ते म्हणाले की जे मिळणारे तेच वर टाका, उगाच मोठी नावं वर टाकलीत तर खालचंही जाईल. तसं नसतं. संगणक तुमची यादी वरून खाली वाचत येतो आणि जिथे तुमचा नंबर बसतो तिथे थांबतो, वरचं न मिळाल्याने खालचं जात नाही. म्हणून क्रम हा पसंतीचाच लावायचा, शक्यतेचा नाही. उलट धोका दुसरा आहे, एक नंबरला टाकलेलं पहिल्याच राऊंडला मिळालं तर ते घ्यावंच लागतं, पुढच्या राऊंडला जाता येत नाही. म्हणून एक नंबरला जे मनापासून हवंय तेच हवं. भावजींना हे वहीवर आकृती काढून समजावलं तेव्हा पटलं.

ब्रँचवरून घरात एकदाच वाद झाला. एका बऱ्या कॉलेजात एआय आणि डेटा सायन्स मिळेल असं दिसत होतं, नाव भारी. पण तिथे ती ब्रँच नवीन, पहिली बॅच बाहेरच पडलेली नव्हती, म्हणजे माझे सगळे रकाने कोरे. लेक म्हणाली अभ्यासक्रम बराचसा कॉम्प्युटरसारखाच आहे. ते असेल, पण शिकवणार कोण? आम्ही त्या कॉलेजात गेलो होतो तेव्हा डिपार्टमेंटच्या बोर्डवर टाइमटेबल लावलेलं होतं, त्यात चार विषयांपुढे सरांच्या नावाऐवजी नवीन स्टाफ १, नवीन स्टाफ २ असं लिहिलेलं. मी बोटाने दाखवलं, ती बराच वेळ बघत राहिली. त्याच वर्षी एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, चांगल्या कॉलेजांसाठी एका ब्रँचच्या जागांवरची कमाल मर्यादा उठवली आणि कॉम्प्युटरच्या जागा बऱ्याच ठिकाणी वाढल्या. कटऑफ खाली आला म्हणून आम्हाला फायदाच झाला, पण वाढलेल्या जागांमागे शिक्षक वाढले का हे विचारायला हवं, मी प्रत्येक ठिकाणी विचारलं. शेवटी ते एआयचं कॉलेज नवव्या नंबरला गेलं, वर तिच्या पसंतीची कॉम्प्युटर आणि आयटीची.

पहिल्या राऊंडला सातव्या नंबरचं लागलं. हजार रुपये सीट ॲक्सेप्टन्स फी भरली आणि बेटरमेंट ठेवलं, म्हणजे ही जागा हातात ठेवून वरच्यासाठी पुढच्या राऊंडला थांबलो. दुसऱ्या राऊंडला चौथ्या नंबरचं, पिंपरी-चिंचवडमधलं कॉलेज, कॉम्प्युटर, जिथे मी पेन्सिलने खूण केली होती तेच. तिने विचारलं, अजून एक राऊंड थांबू का? वरची तीन मिळण्यासारखी नव्हती हे कटऑफवरून दिसतच होतं. फ्रीझ केलं, म्हणजे तीच जागा पक्की केली. त्या रात्री धाकट्यासह चौघं सारसबागेत पावभाजी खाऊन आलो.

आता फी भरायच्या खिडकीची गोष्ट. ऑगस्टची दुपार, बाहेर पाऊस, रांगेत दीड तास. खिडकीतले म्हणाले पूर्ण एक लाख चाळीस हजार भरा, महाडीबीटीचे, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरून येणारे, पैसे आले की परत करू. माझ्या बॅगेत बरोबर पंचवीस हजार होते. मागे रांगेत उभ्या दोन बायका होत्या, दोघींच्या मुलींचं असंच, एक जण तर पूर्ण रक्कम कुणाकडून तरी हातउसनी घेऊन आलेली. मी जीआरची प्रिंट काढून काचेला लावली आणि म्हटलं, साहेब, पूर्ण फी आधी घ्यायची असेल तर तसं लेखी द्या, मी नाही म्हणत नाही. आवाज चढवला नाही. ते आत गेले, तासाभराने आले, आणि एक हमीपत्र पुढे केलं की शिष्यवृत्ती मंजूर झाली नाही तर फी आम्ही भरू. ते मला रास्त वाटलं, सही केली, २१,००० भरले, पावती घेतली. मागच्या दोघींनीही तेच हमीपत्र भरलं. त्या हातउसने आणलेल्या ताईंनी पैशाचं पाकीट परत पदराखाली कमरेला खोचलं ते मी बघितलं. मला आजही वाटतं, किती आयांनी त्या खिडकीवर मुकाट्याने पूर्ण पैसे भरले असतील, फक्त कागद जवळ नव्हता म्हणून.

पहिला महिना प्रवासाने जीव काढला, स्वारगेटला जायचं, तिथून बस, दोन्हीकडचे मिळून चार तास. २९ सप्टेंबरला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट मेट्रो सुरू झाली आणि स्वारगेटहून थेट पिंपरी-चिंचवडपर्यंत बसून जाता यायला लागलं, विद्यार्थ्यांना तिकिटात तीस टक्के सूट. चाराचे अडीच तास झाले. वहीत प्रवासाचा रकाना मी फक्त पैशांचा ठेवला होता, वेळेचा ठेवायला हवा होता, ते नंतर कळलं. ज्या घरून ये-जा करणार आहेत त्यांनी तो आधीच ठेवावा.

आता सेकंड इयर संपत आलंय. अंदाज आणि प्रत्यक्ष असे शेजारी शेजारी लिहिलेत. दोन वर्षांची फी ४२,००० धरली होती, ४३,५०० झाली. लॅपटॉप ४०,००० धरला होता, ५२,००० चा घ्यावा लागला, स्वस्तातला घेतला असता तर मशीन लर्निंगचं काही चाललंच नसतं असं तिच्या सिनिअरने सांगितलं. प्रवास वीस हजारांऐवजी अठ्ठावीस. पुस्तकं, प्रिंटआउट, सबमिशन आठऐवजी नऊ. म्हणजे एक लाख दहा हजारांच्या जागी १,३२,५००. कर्ज शून्य. एकही केटी नाही. पहिल्या सेमला गणिताने दमवलं होतं, पण निघालं. नोकरीचा रकाना २०२८ शिवाय भरता येणार नाही, तो मोकळाच आहे, आणि त्याची काळजी मला नाही असं नाही. पण रात्री ती जेवणानंतर लॅपटॉप उघडून बसते तेव्हा डोक्यावर हप्ता नाही हे तिलाही माहीत असतं. मागच्या महिन्यात म्हणाली, आई, मला गेट, म्हणजे एमटेकची प्रवेश परीक्षा, द्यावीशी वाटतेय. एकवीस लाखांची परतफेड मानेवर असती तर हे तिच्या तोंडून निघालं नसतं.

धाकटा आता बारावीला जाईल. त्याला मुलगा म्हणून फी अर्धीच माफ, त्यामुळे निव्वळचा रकाना वेगळा येणार. त्याला मेकॅनिकल हवंय. परवा त्याने त्याच वहीचं कोरं पान काढून वर मेकॅनिकल लिहिलं, खाली सात कॉलेजं, आणि आवकीचा रकाना ताई भरून देतेय, कारण आता एनआयआरएफची पीडीएफ कुठल्या कोपऱ्यात सापडते ते तिला पाठ झालंय.